आक्कांचा इंटरेस्ट

दार पूर्ण लागलेलं नव्हतं, म्हणून मला ते ऐकू आलं.

पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात, मानसोपचाराच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर मी बाकावर बसले होते. माझी मुलाखत संपली होती. माझ्याआधी माझ्या थोरल्या जाऊबाईंची, सगुणाक्कांची झाली होती. त्या जिन्याजवळच्या खिडकीशी उभ्या राहून खाली लावलेल्या गाड्यांकडे बघत होत्या. आत डॉक्टर करमरकर हॉस्पिटलच्या समाजसेविका ओव्हाळ मॅडमशी इंग्रजीत बोलत होते. बरंचसं भरभर निघून गेलं. एक वाक्य मात्र त्यांनी सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून म्हटलं.

सिस्टर-इन-लॉ इज कम्प्लीटली डिसइंटरेस्टेड.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि आतून कुणीतरी दार लावून घेतलं.

मी विट्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षापर्यंत शिकले. इंग्रजी बेताचंच, पण इंटरेस्टेड हा शब्द मला चांगला ओळखीचा होता. माझ्या लग्नाआधी दोन स्थळांकडून ‘मुलगा इंटरेस्टेड नाही’ असा निरोप आला होता. वडील तो निरोप आईला सांगताना आवाज खाली आणायचे. आणि शब्दाच्या आधी ‘डिस’ लागलं की अर्थ उलटा होतो, हे शाळेत शिकवलेलं होतं. ॲग्री, डिसॲग्री. लाइक, डिसलाइक. मला फार डोकं चालवावं लागलं नाही. आक्कांची इच्छा नव्हती, आणि ते डॉक्टरांच्याही लक्षात आलं होतं.

आक्का मला त्यांची किडनी देणार होत्या.

माझं वय तेव्हा चौतीस. दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा विट्याहून सांगलीला जाऊन डायलिसिस करून घ्यायचं, असं माझं आयुष्य झालं होतं. आमची केतकी सात वर्षांची होती. डायलिसिसच्या दिवशी मी घरी पोचेपर्यंत ती शेजाऱ्यांच्या ओट्यावर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली असायची. ह्यांचा रक्तगट माझ्याशी जुळत नव्हता. आईला साखरेचा त्रास. धाकटा भाऊ द्यायला तयार होता, पण तपासणीत त्याच्या स्वतःच्याच किडनीत खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, नाव नोंदवून ठेवा, वाट बघा. किती वाट बघायची ते त्यांनी सांगितलं नाही.

आणि अशात एका सकाळी आक्का आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत होती. भावोजी, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ वारल्यावर घरात पिठाच्या गिरणीवरून वाद झाला. सासूबाईंचं म्हणणं पडलं, गिरणी विकावी, एकट्या बाईनं ती चालवू नये. हे आईच्या बाजूनं बोलले. आक्का म्हणाल्या, मी चालवीन. त्यांनी चूल वेगळी मांडली, अंगणात भिंत घातली आणि गिरणी खरोखरच चालवली. पट्टा निसटला तर स्वतः चढवायच्या. एका मुलाला वाढवून, त्याचं लग्न करून त्यांनी त्याला मदुराईला सोनं गाळायच्या दुकानात धाडलं. पुढे सासूबाई गेल्या. पण भिंत राहिली. सणावाराला ताट इकडून तिकडे जायचं, ताटाबरोबर शब्द मात्र जायचा नाही. जावा-जावांचं जमत नाही असं लोक म्हणतात. आमचं जमत नव्हतं असंही नाही, आम्ही जमवून बघितलंच नव्हतं.

त्या सकाळी त्यांच्या भुवयांवर पीठ होतं. गिरणी तशीच चालू ठेवून आल्या होत्या.

“माझा ओ गट हाय,” त्या ह्यांना म्हणाल्या. “ह्यो कुनालाबी चालतो म्हनं. नेऊन तपासा मला.”

एवढंच बोलून त्या परत गेल्या.

तपासण्या जुळल्या. पण कायद्याच्या हिशेबानं आई-वडील, भावंडं, नवरा-बायको आणि मुलं एवढेच जवळचे. जाऊ त्यात बसत नाही. लांबचं माणूस अवयव देतं म्हणजे कुणी त्याला पैशांनी विकत तर घेतलं नाही ना, घरच्यांनी धाक तर घातला नाही ना, हे बघायला एक कमिटी असते. त्यात विधवा बाई, दिराच्या घराला लागूनच राहणारी. ओव्हाळ मॅडमनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं, “तुमची केस ते फार बारकाईनं बघतील. शंका आली तर सरळ नाही म्हणतील.”

म्हणून आधी मानसोपचाराच्या डॉक्टरांची मुलाखत, दुसऱ्या दिवशी कमिटी.

आणि आता हे वाक्य.

बाकावर बसल्या बसल्या मला एकेक गोष्ट आठवायला लागली आणि प्रत्येक गोष्ट त्या वाक्याला जाऊन चिकटायला लागली. पुण्याला आल्यापासून आक्का घुम्या होत्या. गाडीत त्या म्हणाल्या होत्या, “गिरणी बंद ऱ्हायली की गिऱ्हाईक तुटतंय.” ओव्हाळ मॅडमना त्यांनी माझ्यादेखत विचारलं होतं, “ऐनवेळी न्हाई म्हटलं तर चालतंय का?” मॅडम म्हणाल्या होत्या, “अगदी टेबलावर झोपवल्यावरसुद्धा नाही म्हणता येतं. तो तुमचा हक्क आहे.” तेव्हा आक्कांनी मान डोलावली होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तपासण्यांच्या आधी मी ह्यांना दोनदा संध्याकाळचं गिरणीकडे जाताना बघितलं होतं. कुठं गेला होतात म्हणून विचारलं, तर “सहज” म्हणाले होते. भिंत घातल्यापासून हे तिकडे सहज कधीच गेले नव्हते.

मी मनाशी जुळवलं. ह्यांनी जाऊन पाय धरले असणार. दिरानं पाय धरल्यावर विधवा भावजय काय म्हणणार?

संध्याकाळी हे रक्त देणारी माणसं गोळा करायला ओळखीच्यांकडे गेले. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत आम्ही एक खोली घेतली होती. आक्कांनी स्टोव्हवर माझी अळणी मुगाची आमटी केली, स्वतःच्या वाटीत मीठ घालून घेतलं आणि आम्ही दोघी भिंतीला टेकून जेवायला बसलो. इतकी वर्षं शेजारी राहून आम्ही दोघी अशा एकट्या पहिल्यांदाच जेवत होतो.

“आक्का,” मी म्हटलं, “एक विचारू का?”

“इचार.”

“तुम्हाला खरंच द्यायचीय ना?”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “हे आत्ता इचारतीस?”

“मनात असेल तर सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही.”

“त्या डाक्टरनं दुपारधरनं तेच इचारलं. मनात काय हाय, मनात काय हाय. सपनं कसली पडत्यात. आता तूबी सुरू झालीस.” त्यांनी माझ्या ताटाकडे बोट केलं. “जेव. गार झालं की अळणी खाववत न्हाई.”

“तसं नाही आक्का. कुणी तुम्हाला काही बोललं असेल, गळ घातली असेल...”

“नलू,” त्या म्हणाल्या, “मला बोलायचा कटाळा आलाय. उद्या पुन्यांदा बोलायचंच हाय. जेव आन् पड.”

त्या उठल्या, भांडी घेतली आणि बाहेरच्या नळावर गेल्या. मला त्यांचं उत्तर मिळालं असं मी समजले. ज्याला द्यायचंय तो हो म्हणतो. एवढा साधा शब्द त्यांनी काढला नाही.

पडल्या पडल्या मला केतकी दिसत होती. आजोळी ठेवून आलो होतो तिला. मी हात सोडवून घेतला तेव्हा ती रडली नव्हती, फक्त विचारलं होतं, “आता येशील तेव्हा सुई नसेल ना?” मी नसेल म्हणाले होते. आक्कांची किडनी घेतली तर मी तिचं लग्न बघेन. नाही घेतली, तर किती दिवस, कुणाला ठाऊक. हे मला कळत होतं. पण दुसऱ्या बाईचं पोट तिच्या मनाविरुद्ध उघडून त्यातलं काढून घ्यायचं आणि मग भिंतीपलीकडे तिच्या गिरणीचा आवाज ऐकत जगायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं. पडून पडून विचार केला आणि माझं ठरलं. ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते माझ्या पाया पडले असते.

कमिटीची खोली लांबट होती, मध्ये मोठं टेबल. आधी आक्कांना एकटीला बोलावलं. बराच वेळ त्या आत होत्या. बाहेर आल्या तेव्हा पदर कपाळावर ओढलेला होता. माझ्याजवळून जाताना एवढंच म्हणाल्या, “खरं काय ते सांग. भिऊ नगस.”

मी आत गेले. टेबलाच्या टोकाला पांढऱ्या केसांचे डॉक्टर होते, कमिटीचे अध्यक्ष. त्यांच्या डाव्या बाजूला ओव्हाळ मॅडम. उजव्या बाजूला सुती साडी नेसलेल्या एक वयस्कर बाई. त्या निवृत्त न्यायाधीश, गुप्तेबाई, असं मॅडमनी ओळख करून देताना सांगितलं. आणखी दोन डॉक्टर होते, ते सगळा वेळ काहीच बोलले नाहीत.

अध्यक्ष म्हणाले, “बसा. तुमच्या जाऊबाई तुम्हाला किडनी देतायत. का देतायत, तुम्हाला काय वाटतं?”

मी म्हटलं, “साहेब, मला ती नको.”

ओव्हाळ मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की मला त्यांचीच दया आली. आमच्यासाठी त्यांनी किती तरी फेऱ्या मारल्या होत्या.

“का नको?” अध्यक्षांनी विचारलं.

“त्यांची इच्छा नाही.”

“तसं त्या तुम्हाला म्हणाल्या?”

“नाही. त्या बोलत नाहीत. पण त्यांच्यावर भार पडलाय. माझ्या नवऱ्यानं गळ घातली असावी.”

अध्यक्षांनी पेनाला टोपण घातलं. “बाई, तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय का? दात्यावर दबाव आहे असं तुम्ही स्वतः सांगितलंत, तर मला ही परवानगी देता येणार नाही. आजच नाही, पुढेही नाही.”

“कळतंय,” मी म्हटलं.

तेव्हा गुप्तेबाई पहिल्यांदा बोलल्या. आवाज हळू होता. “तुम्ही म्हणता त्या बोलत नाहीत. मग त्यांची इच्छा नाही हे तुम्हाला कशावरून समजलं?”

“डॉक्टर म्हणाले. करमरकर डॉक्टर.”

“तुम्हाला म्हणाले?”

“नाही. मॅडमना म्हणाले. दार उघडं होतं.” मला चोरून ऐकल्याची लाज वाटली, पण आता लपवून काय करायचं होतं? “इंग्रजीत म्हणाले. सिस्टर-इन-लॉ डिसइंटरेस्टेड आहे. पूर्ण डिसइंटरेस्टेड.”

ओव्हाळ मॅडमनी दोन्ही हात तोंडावर धरले. अध्यक्ष गुप्तेबाईंकडे वळले. गुप्तेबाईंनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

“आणि डिसइंटरेस्टेड म्हणजे इच्छा नाही, असं तुम्ही धरलंत.”

“इंटरेस्ट नाही म्हणजे... तेच ना?”

“नाही हो,” त्या म्हणाल्या. “पण तुमची चूक नाही. चांगली शिकलेली माणसं इथं अडखळतात. वर्तमानपत्रांत रोज अडखळतात.” त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली, जणू बाकीची कमिटी तिथं नव्हतीच. “बँकेत पैसे ठेवले की वर काय मिळतं?”

“व्याज.”

“त्याला इंग्रजीत?”

“इंटरेस्ट.”

“बरोबर. आता मला सांगा, क्रिकेटची ज्याला गोडी आहे, त्याला आपण क्रिकेटमध्ये इंटरेस्ट आहे म्हणतो. मग गोडी आणि व्याज, दोघांना एकच शब्द कसा?”

माझा जीव टांगणीला लागलेला आणि ही बाई मला धडा शिकवत होती.

“त्याचं मूळ लॅटिनमध्ये आहे. मध्ये असणं, असा त्याचा अर्थ. एखाद्या गोष्टीच्या मध्ये आपण असलो की तिचं काय होतं यानं आपल्याला फरक पडतो. आपलं काहीतरी तिच्यात अडकलेलं असतं. वाटा, हक्क, फायदा. व्याज त्यातूनच आलं. गोडी, आवड हा अर्थ मागाहून आला आणि आता तोच सगळ्यांच्या तोंडी बसलाय. आता, ज्याला गोडी नाही त्याच्यासाठी वेगळा शब्द आहे, अनइंटरेस्टेड. आणि ज्याचं त्यात स्वतःचं काही अडकलेलं नाही, ज्याला फायदा नको, वाटा नको, तो डिसइंटरेस्टेड. चारशे वर्षांपूर्वी इंग्रजांनीही हा शब्द आधी तुमच्याच अर्थानं वापरला होता म्हणतात. मग कुठे दोन्ही शब्दांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मी कोर्टात आयुष्य काढलं. दोन बाजू भांडत असताना मी काय शोधायची, माहितीय? डिसइंटरेस्टेड साक्षीदार. ज्याला खरं सांगून काही मिळायचं नाही आणि खोटं सांगूनही काही मिळायचं नाही, असा. फार थोडे भेटले.”

ओव्हाळ मॅडम आता हात खाली घेऊन म्हणाल्या, “नलिनीताई, सर त्यांचं कौतुक करत होते. म्हणाले, इतक्या वर्षांत असा दाता बघितला नाही.”

मी ते ऐकलं, पण ते आत शिरायला वेळ लागला. “म्हणजे त्यांची इच्छा आहे?” मी विचारलं.

“ते आम्ही सांगून कसं चालेल?” गुप्तेबाई म्हणाल्या. “त्यांनाच बोलवू.”

आक्का पुन्हा आत आल्या. मला रडताना बघून त्यांनी आधी अध्यक्षांकडेच रागानं बघितलं. त्यांना वाटलं, ह्या लोकांनी मला रडवलं. गुप्तेबाईंनी सगळं सांगितलं. मी काय ऐकलं, काय समजले, आणि आत्ता इथं काय बोलले, तेही. आक्का उभ्याच होत्या. सगळं ऐकून झाल्यावर माझ्याकडे वळल्या.

“मला इच्छा न्हाई, हे तू ठरवलंस?”

“आक्का, तुम्ही काल काही बोलला नाहीत. आणि मॅडमना विचारलंत, ऐनवेळी नाही म्हटलं तर...”

“ते तुझ्यापायी इचारलं गं. मला ठावं हाय तू कसली हाईस. म्हटलं, ही शेवटाला माझी दया येऊन न्हाई म्हनंल. तिनं न्हाई म्हटलं तर मानत्यात का, ते बघावं.” त्या कमिटीकडे वळल्या. “बघा. म्हनलीच का न्हाई?”

न बोलणाऱ्या दोन डॉक्टरांपैकी एकाला हसू आलं. अध्यक्ष मात्र गंभीर राहिले. “तुमचे दीर तुमच्याकडे आले होते का? विनवणी करायला?”

“मोहन? आलता की. दोनदा आलता.” मी मान खाली घातली. “‘वैनी, देऊ नका’ म्हनाया आलता. तुमास्नी काय झालं तर दादाला काय तोंड दावू, म्हनत हुता. नलूला म्हाईत न्हाई. मीच म्हटलं, तिला सांगू नगंस, जीव आनखी थोडा करंल.”

ह्यांच्याबद्दल मी मनाशी काय काय ठरवलं होतं ते मला आठवलं. हे बाहेर बाकावर बसले होते, हातात माझी औषधांची पिशवी घेऊन.

“मग सगळं स्पष्ट आहे,” अध्यक्ष म्हणाले. “डॉक्टरांनी म्हटलंय तसंच. तुमचा यात कसलाही स्वार्थ नाही.”

“असं म्हनलं व्हय ते डाक्टर?” आक्कांनी विचारलं.

“हो. तुमचं यात काही अडकलेलं नाही, असं.”

आक्का म्हणाल्या, “ते चुकलं त्यांचं.”

अध्यक्ष पुढे झुकले. ओव्हाळ मॅडमनी डोळे मिटून घेतले. आता कुठे मार्गी लागत होतं आणि आक्काच त्यात खोडा घालत होत्या.

“म्हणजे?” अध्यक्षांनी विचारलं. “काही स्वार्थ आहे?”

“हाय की. बिनस्वार्थाचं कोन काय करतंय?” आक्कांनी पदर सारखा केला. “साहेब, माझी सासू गेली. मालक गेले. पोरगं मदराशाच्या मुलखात, वर्साला एकदा येतंय, त्याला माझी भाकरी कडक लागती. दिवसभर गिरणीत आवाज, कुनाचं बोलनं ऐकू येत न्हाई. गिरणी बंद केली की घरात आवाजच न्हाई. तवा ह्या भिंतीपल्याड हिची भांडी वाजत्यात. ही पोरीवर वरडती. मला म्हाईत असतं, आज कशापायी वरडली, काय करपलं. मी हिच्यावर मनातल्या मनात रागवून घेते. अशी फोडनी करत्यात व्हय, म्हनते. पोरीला असं बोलत्यात व्हय, म्हनते. तेवढाच माझा संसार ऱ्हायलाय. गेलं साल ही आजारी पडल्यापास्नं भिंतीपल्याड आवाजच न्हाई.” त्यांनी अध्यक्षांच्या पेनाकडे बोट केलं. “ही गेली तर मी रागवायचं कुनावर? माझं काय अडकलं न्हाई असं त्यांनी लिहू नये. खोटं हाय ते.”

मी खुर्चीत बसून रडत होते, आणि आक्का उभ्या राहून माझ्याकडे बघत नव्हत्या.

गुप्तेबाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. त्या अध्यक्षांना म्हणाल्या, “कायद्यात जिव्हाळा हे कारण दिलेलं आहे ना?”

“आहे,” अध्यक्ष म्हणाले.

“मग मला आणखी काही विचारायचं नाही.”

परवानगी त्याच दिवशी मिळाली. बाहेर आल्यावर आक्कांनी ह्यांना सांगितलं, “तुझी बायको बावळट हाय.” ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “आहे.” एवढ्यावर आम्ही तिघं चहा प्यायला गेलो. मी अर्धाच घेतला.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. आधी आक्कांना नेलं. स्ट्रेचर माझ्या दारावरून जाताना त्यांनी ते थांबवायला लावलं आणि मला म्हणाल्या, “पोरीच्या शाळेत फोन केलास का, किती दिस येणार न्हाई ते?” केला म्हटल्यावर स्ट्रेचर पुढे गेलं.

आता आक्का पासष्टीच्या पुढे आहेत. गिरणीवर माणूस ठेवलाय, पण पट्ट्याकडे स्वतःच बघतात. माझी तब्येत चांगली आहे. मधल्या वर्षांत केतकीचं लग्न झालं, त्यात तिच्या मामापेक्षा जास्त मिरवल्या त्या आक्का. लोक मला विचारतात, जावेनं किडनी कशी दिली गं तुला? तुमचं तर बोलणं नव्हतं. मी सांगायला जाते, पण ती गोष्ट नीट सांगायची तर त्या इंग्रजी शब्दापासून सुरुवात करावी लागते, आणि तेवढा वेळ दारात उभ्या असलेल्या माणसाला नसतो. म्हणून एवढंच सांगते की त्यांच्यामुळे मी आहे.

ऑपरेशननंतर मला काचेच्या खोलीत ठेवलं होतं. कुणाला आत येऊ देत नव्हते. तिसऱ्या दिवशी काचेपलीकडे आक्का दिसल्या. हॉस्पिटलचा ढगळ झगा, एक हात कुशीवर दाबलेला, दुसरा भिंतीला. चेहरा पांढरा पडला होता. त्यांना चालताना किती दुखत असेल ते मला माझ्याच पोटावरून कळत होतं. त्यांनी काचेवर टकटक केली आणि माझ्याकडे न बघता आतल्या सिस्टरला मोठ्यानं विचारलं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं:

“हुती का गं लघवी?”

सिस्टर हसायला लागली. तिनं खाटेखालची पिशवी उचलून काचेजवळ धरली. भरलेली होती. वर्षभर माझ्या अंगातून थेंब उतरला नव्हता. आक्कांनी ती पिशवी निरखून बघितली आणि मान हलवली. मग माझ्याकडे बघितलं. मी हात जोडायला गेले, पण एका हाताला सलाईन होतं, तो उचलेना. त्यांनी ‘असू दे’ अशी खूण केली आणि भिंत धरून हळूहळू परत गेल्या.

त्या गेल्यावर सिस्टर माझ्यासाठी पेला भरून पाणी घेऊन आली. डायलिसिसच्या सगळ्या काळात मला दिवसाचं पाणी वाटीनं मिळायचं. उन्हाळ्यात मी बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचे, तो विरघळला की रडू यायचं. हा पेला काठोकाठ भरलेला होता. मी भीत भीत एक घोट घेतला, आणि पेला परत द्यायला हात पुढे केला.

“सगळं प्यायचंय,” सिस्टर म्हणाली. “आता तुमच्या किडनीला पाणी लागतं.”

मी ते सगळं प्याले. सिस्टरनं विचारलं, “आणखी देऊ?”

मी म्हटलं, “द्या.”